विहीणबाईंचं तिकीट आणि नाचणीचा गोळा

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला साताऱ्यात तीन प्रश्न विचारतात. झोप लागायला लागली का, मुलीचं घर केवढं आहे, आणि काय काय पाहिलंत. पहिल्या दोन प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं आहेत. तिसऱ्याला मी जरा घुटमळतो, कारण सिॲटलजवळ दोन महिने राहून मी सगळ्यात जास्त वेळ जे पाहिलं ते एक पातेलं होतं. उंच, जाड बुडाचं, आत नाचणीचं पीठ रटरटणारं. तिथला तो प्रसिद्ध उंच मनोरा पाहिला नाहीत का, असं लोक विचारतात. पाहिला, चालत्या गाडीतून. पातेल्याची वेळ होत आली होती, म्हणून थांबता आलं नाही.

तर ज्यांनी तो देश अजून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मनोऱ्याची माहिती त्यांना कुठेही मिळेल. पातेल्याची मिळणार नाही.

बॉथेल, ऑक्टोबरचा पहिला आठवडा

मी बत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. स्वयंपाकघराशी माझा संबंध पाण्याचा फिल्टर स्वच्छ करण्यापुरता. यंदा डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर पाहून तोंड वाकडं केलं आणि भात कमी करा, नाचणी खा, असं सांगितलं. आमच्या सौ. मुख्याध्यापिका आहेत, निवृत्तीला वर्ष बाकी आहे, त्यामुळे त्या माझ्या नाचणीपायी रजा काढणार नव्हत्या. तेवढ्यात केतकीचा, म्हणजे आमच्या मुलीचा, फोन आला.

"बाबा, तुम्ही इकडेच या ना दोन महिने. अत्ते रोज रागीचंच काहीतरी करतात. रागी म्हणजे नाचणीच. शुगर आपोआप कंट्रोल होईल."

अत्ते म्हणजे तिच्या सासूबाई, गौरम्मा. कर्नाटकात मंड्याजवळच्या एका खेड्यातल्या. आमचा जावई मंजुनाथ पुण्यात इंजिनियरिंगला होता, तिथेच त्याचं आणि केतकीचं जमलं. आता दोघं बॉथेलला राहतात आणि आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरतात. दोन वर्षांपूर्वी आमचे व्याही गेले. आई एकटी राहू नये म्हणून मंजूने तिचं ग्रीन कार्ड करून तिला इकडे आणलं, त्याला दीड वर्ष झालं होतं.

बॉथेल हे सिॲटलचं उपनगर. तिथला पाऊस असा की छत्री उघडावी तर लाज वाटते आणि न उघडावी तर अंग भिजतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपलची झाडं लालभडक झाली होती, आणि ती लाल पानं उडवून लावायला माणसं पाठीवर मोठमोठ्याने घोंघावणारी यंत्रं घेऊन फिरत होती. आपल्याकडे एक झाडूवाली हे काम गप्पा मारत करते. संध्याकाळी चारही दिशांनी कावळे यायचे. शे-दोनशे नव्हे, हजारोंनी. गावातल्या कॉलेजामागच्या पाणथळ जागेत ते मुक्कामाला असतात. अख्खं आभाळ काळं व्हायचं आणि खालून लोक शांतपणे कुत्री फिरवत जायचे.

पहिल्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी माझ्यापुढे वाडगा ठेवला. नाचणीचं पातळ, आंबवलेलं, त्यात ताक आणि बारीक कांदा. मी ओळखीचं हसलो. ही तर आपली आंबील! दुपारी शेपू आणि कांदा घालून थापलेली नाचणीची रोटी आली. मी हे थालीपीठ म्हणून ओळखलं आणि केतकीला म्हणालो, "सांग त्यांना, आमच्या जावळीच्या डोंगरात नाचणीच पिकते म्हणावं. माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्लेला माणूस आहे मी. मला नाचणीचं नवल नको." केतकीने हे कन्नडमध्ये सांगितलं. विहीणबाईंनी मान डोलावली. त्या मान डोलावण्यात काय होतं ते मला रात्रीच्या जेवणाला कळलं.

ताटात पालेभाजीच्या सारात बसलेला, क्रिकेटच्या चेंडूएवढा, तुकतुकीत तपकिरी गोळा होता. मंजू म्हणाला, "बाबा, हे मुद्दे." मी घास मोडला, सारात बुडवला, तोंडात टाकला आणि चावायला लागलो.

तिघांचेही हात थांबले.

मुद्दे चावायचं नसतं, गिळायचं असतं. हे मला कोणी सांगितलं नाही, कारण त्यांच्या घरात हे सांगावं लागतच नाही. माझी खालची कवळी त्या घासात रुतली. तोंड उघडेना. मी नुसता हुंकार देत होतो आणि केतकी कपाळावर हात मारून बसली होती. विहीणबाई मात्र सारात बोटं बुडवून कळवळ्याने माझ्याकडे पाहत होत्या.

याच जेवणात त्यांनी मुलाकडे विषय काढला. केतकी मला हळूच सांगत गेली. त्यांना गावी परत जायचं होतं. हे त्या दर आठवड्याला म्हणत आणि मंजू दर आठवड्याला एकच उत्तर देई, "अम्मा गेली तर मुद्दे कोण करणार?" केतकीने दोनदा प्रयत्न केला होता, पण त्यात गाठी निघाल्या म्हणे. मंजू आज जरा चेष्टेच्या मूडमध्ये होता. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी अजून कवळीशी झुंजत होतो.

"ज्या दिवशी बाबा मुद्दे करतील, एक पण गाठ नको, त्या दिवशी तिकीट काढतो. प्रॉमिस!"

हेच आईला कन्नडमध्ये सांगून तो हसला. केतकी हसली. मला हसणं शक्य नव्हतं. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. बैल विकत घेण्याआधी त्याच्याकडे पाहतात तसं त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

बॉथेल, पहिला गोळा

दुसऱ्या दिवशी मुलगी-जावई कामाला बसले आणि विहीणबाईंनी मला हाक मारली. "बीगरे!" त्यांच्याकडे व्याह्याला असं म्हणतात. मी गेलो, तर त्यांनी माझे दोन्ही तळहात उलटे करून दाबून पाहिले. खडू धरलेले हात ते. त्यांनी उसासा टाकला.

आमची भाषा एक नव्हती. त्यांना टीव्हीवरच्या मालिका पाहून थोडी हिंदी येत होती, पण ती सगळी घरातल्या कारस्थानांविषयीची, स्वयंपाकात तिचा उपयोग नव्हता. म्हणून त्या सरळ कन्नडमध्ये बोलायच्या आणि मी सरळ मराठीत. दोघांनाही दुसऱ्याचं ऐकून घेण्यासाठी थांबावं लागत नसल्यामुळे वेळ फार वाचायचा.

कृती अशी. पाण्यात मीठ आणि चमचाभर पीठ कालवून उकळी आणायची. मग बाकीचं पीठ एकदम मध्ये ढिगासारखं ओतायचं आणि हात मागे घ्यायचा. ढवळायचं नाही. ढीग तसाच पाण्यात शिजू द्यायचा. मग पातेलं उतरवून दांडक्याने घोटायचं, घोटायचं आणि घोटायचं. शेवटी ओल्या हाताने, चटके सोसत, पाटावर गोळा वळायचा.

मी पीठ ओतलं आणि ढवळलं. बत्तीस वर्षं बीकरमधलं सगळं ढवळत आलो, हात थांबेना. मनगटावर उलथन्याचा फटका बसला. शिक्षक म्हणून मी दिलेल्या सगळ्या छड्यांची एकदम परतफेड झाली असं वाटलं. मी त्यांना समजावून सांगितलं की पिठाच्या कणाला बाहेरून आधी उष्णता लागते, बाहेरचा थर चिकट होतो, आतलं कोरडं राहतं, आणि त्यालाच आपण गाठ म्हणतो. त्यांनी हे व्याख्यान मराठीतून पूर्ण ऐकून घेतलं आणि पातेल्यातल्या गाठी बोटाने एकेक दाखवल्या.

घोटणं ओट्यावर चालत नसे. तिथली शेगडी काचेची. अमेरिकेत आल्या त्याच आठवड्यात विहीणबाईंनी तिच्यावर मुद्दे घोटून तिला आरपार तडा पाडला होता, तेव्हापासून मंजूची सक्त ताकीद होती. म्हणून पायपुसण्याची घडी घालून जमिनीवर पातेलं ठेवायचं, खाली बसून ते दोन पावलांत टॉवेलने धरायचं आणि दोन्ही हातांनी दांडकं चालवायचं. मला खाली बसायला एक मिनिट लागलं आणि उठायला केतकी लागली.

संध्याकाळी सहाला माझा गोळा ताटात आला. गोळा म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचं, तो एका अंगावर झोपला होता. मंजूने घास मोडला, गिळला आणि डोळे मिटून विचार केला.

"बाबा, चव चांगला आहे. पण गाठी आहेत. एक, दोन, तीन... चार."

मी फोनवर सौ.ना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की शाळेचा शिपाई पाणी घेऊन आला.

बेलव्ह्यूची वाट, आणि एक दांडकं

विहीणबाईंचं दांडकं त्यांनी गावाहून आणलेलं. त्या परत गेल्या की तेही जाणार, तेव्हा मला स्वतःचं हवं असं ठरलं. शनिवारी शेजारच्या बेलव्ह्यू गावाकडे जाताना मंजूने आम्हा दोघांना एका प्रचंड दुकानात नेलं. तिथे घर बांधायला लागणारं सगळं मिळतं, फक्त घर मिळत नाही. विहीणबाई दांडकी उचलून हवेत घोटून बघत होत्या. एक विक्रेता लगबगीने आला. अमेरिकेत दुकानदार गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारत नाही, तो तुम्ही काय बनवताय ते विचारतो.

"व्हॉट आर यू बिल्डिंग टुडे?"

"डिनर," मी म्हणालो.

त्याने विहीणबाईंच्या हातातल्या दांडक्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

नव्या दांडक्याचा आवाज मोठा होता. तिथली घरं एकमेकांना चिकटलेली, भिंती लाकडाच्या. तिसऱ्या संध्याकाळी शेजारचे वयस्कर गृहस्थ दारात उभे राहिले. घरात काही सुतारकाम काढलंय का, आणि काढलं असल्यास त्यांच्याकडे चांगली हत्यारं आहेत, ती नेता का, असं ते फार अदबीने विचारत होते. विहीणबाईंनी त्यांना बसवून शेपूची रोटी वाढली. ते खाताना विचारत होते, यात गहू नाही ना, अंडं नाही ना, दूध नाही ना. आपल्याकडे पाहुणा पदार्थात काय आहे ते विचारतो, तिकडे काय नाही ते विचारतात. नाही, नाही, नाही, असं ऐकून त्यांचा चेहरा उजळत गेला आणि त्यांनी तीन रोट्या खाल्ल्या. नंतर ते पाचच्या ठोक्याला भिंतीवर दोन टकटक करायचे. आमचं घोटणं सुरू झालं नसेल तर ती आठवण असायची.

माझी प्रगती होत होती. गोळा उभा राहायला लागला. मंजूचा आकडा चारावरून तीनवर आला, मग दोनवर. मधल्या काळात विहीणबाईंनी मला रागीचे दोसे शिकवले, पालेभाजी उकडून तिच्या पाण्याचं सार करायला शिकवलं. नाचणी भाजून तिच्या लाह्या करायला घेतल्या तेव्हा छतावरचा धुराचा अलार्म असा कोकलला की मी खिडक्या उघडत धावलो आणि त्या शांतपणे लाह्या हलवत राहिल्या. माझी साखर उतरली. सौ.नी विचारलं, "तुम्ही कांदा चिरता?" मी म्हटलं, "बारीक." त्यांनी फोन केतकीला द्यायला सांगितला.

धबधब्यापाशी

ऑक्टोबर संपताना एका रविवारी आम्ही स्नोक्वाल्मीचा धबधबा पाहायला गेलो. घाटासारखा रस्ता, दोन्हीकडे सरळसोट उंच झाडं, त्यांच्या शेंड्यांत ढग अडकलेले. मला माझ्या ज्ञानाचा उपयोग करायची हौस, म्हणून आदल्या दिवशीच अंबली, म्हणजे तीच नाचणीची आंबील, करून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरून ठेवली होती. आंबणाऱ्या पदार्थातून वायू सुटतो हे मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवत आलो. गाडीत हीटर चालू होता. बाटलीचं झाकण मी जरासं फिरवलं आणि ते छतावर आदळलं. मागोमाग अंबली. मंजूच्या नव्या जॅकेटवर, समोरच्या काचेवर, केतकीच्या केसांत.

"बाबा!" केतकी ओरडली. "तुम्ही सायन्सचे टीचर ना?"

विहीणबाई हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. दीड वर्षात अत्ते अशा हसल्या नव्हत्या, असं केतकी मला नंतर म्हणाली.

मंजू धबधब्याचे फोटो काढायला कठड्यापाशी गेला आणि आम्ही तिघं बाकावर बसलो. पाण्याचा आवाज मोठा होता. मी केतकीला म्हटलं, विचार त्यांना, इथे कशाची कमी आहे? केतकीने विचारलं. विहीणबाई बराच वेळ बोलल्या आणि केतकी थांबत थांबत सांगत गेली.

"त्या म्हणतायत, कमी काहीच नाही. मंजू जीव लावतो. पण गावी दुपारी कुंपणावरून सावित्री हाक मारते, जेवलीस का म्हणून. इथे दिवसभर कोणी हाक मारत नाही. आता थंडीत गावी अवरेकाई येईल, म्हणजे आपला पावटा, बाबा. अख्खं गाव अंगणात बसून तो सोलतं. त्या म्हणतायत, मी इथे मंजूसाठी राहिलेय. त्याला वाटतं, त्याने मला माझ्यासाठी ठेवून घेतलंय. हे त्याला सांगितलं तर त्याला लागेल, म्हणून..." केतकी थांबली. "म्हणून त्या म्हणतायत, तुम्ही लवकर शिका."

मला एकदम फार वाईट वाटलं. इतके दिवस मी हा सगळा खेळ समजत होतो. ही बाई माझ्या मनगटावर उलथनं का मारते, ते मला तिथे कळलं. मी केतकीला म्हटलं, त्यांना सांग, पावटा सोलायला तुम्ही गावी असाल. मग मी उठलो आणि अंबलीचे डाग पुसायला गाडीकडे गेलो, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

बॉथेल, नोव्हेंबर

त्यानंतर मी जीव तोडून घोटलं. खांदे भरून आले, तळहातांना घट्टे पडले. विहीणबाईंनी एकदा ते दाबून पाहिले आणि पहिल्यांदाच "हं" म्हणाल्या. गोळा आता चकचकीत व्हायचा. विहीणबाई स्वतः घास घेऊन जिभेवर फिरवायच्या आणि मान डोलवायच्या. पण संध्याकाळी मंजू डोळे मिटून विचार करायचा आणि म्हणायचा, "एक आहे, बाबा. लहान आहे. पण आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूला, मागे, एक. माझ्या तोंडचं पाणी पळालं. विहीणबाई कॅलेंडरकडे पाहायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला अर्धा तास जास्त घोटायला लावायच्या.

मग तो बुधवार आला. मी झाकण काढायला गेलो आणि वाफ सपकन बोटांवर आली. उजव्या हाताची तीन बोटं लाल झाली. विहीणबाईंनी माझा हात नळाखाली धरला, बोटांना तूप लावलं, मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पातेलं पायांत धरून घोटायला बसल्या. गोळेही त्यांनीच वळले. मी नुसता बघत होतो. त्या घोटत होत्या तेव्हा दांडकं पातेल्याच्या कडेला एकदाही लागत नव्हतं.

जेवायला बसलो. आज मुद्दे मी केलेलं नाही, हे मी सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. पण केतकी मीटिंगबद्दल कुरकुरत आली, ताटं वाढली गेली, आणि माझ्या मनात आलं, आज पास झालो तर झालो. तिकीट तर निघेल. आयुष्यभर मी मुलांच्या बाह्या वर करून कॉप्या पकडल्या, आणि साठी ओलांडलेला मी भाजलेली बोटं टेबलाखाली लपवून गप्प बसलो.

मंजूने घास मोडला. सारात बुडवला. गिळला. डोळे मिटले.

"चांगलं झालंय, बाबा. पण अजून एक गाठ आहे." आणि आईला कळावं म्हणून त्याने एक बोट वर केलं.

विहीणबाईंचा हात ताटातच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. मग अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

केतकीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "त्या म्हणतायत, आजचं मुद्दे मी केलंय."

मंजूचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. त्या बाईने चाळीस वर्षं रोज मुद्दे केलं होतं. गाठ राहिली म्हणून नवऱ्याने, सासऱ्याने, कोणीच तिला कधी नावं ठेवली नसतील.

"होती ना पण," तो म्हणाला. "खरंच होती, अम्मा."

विहीणबाईंनी हात पुढे केला. कुठे आहे, दाखव. हे कळायला मला केतकीची गरज लागली नाही.

"गिळली," मंजू म्हणाला.

केतकी आधी फुटली. "म्हणजे माझ्या मुद्द्यातही गाठी नव्हत्या! दोन वेळा मला फेल केलंस तू! मी यूट्यूब बघून बघून हात भाजून घेतले, मंजू!" विहीणबाईही हसायला लागल्या आणि मी, पकडला गेलेला दुसरा चोर, भाजलेली बोटं टेबलावर काढून ठेवली. मंजू मात्र हसत नव्हता. तो ताटाकडे बघत होता. मग तो आईशी बोलायला लागला. शब्द कळले नाहीत, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता. केतकीचा हात त्याच्या पाठीवर गेला आणि तिने मला मराठीत सांगितलं, हळू, त्याला लाज वाटू नये असं.

"तो म्हणतोय, अप्पा गेले तेव्हा मी इथे होतो. विमानात होतो तेव्हा सगळं उरकलं होतं. तू पण तिथे एकटी असशील आणि मी पुन्हा विमानात असेन."

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येत होता. विहीणबाईंनी डावा हात मुलाच्या डोक्यावर ठेवला आणि जे म्हणाल्या ते केतकीला सांगताना हसू आणि रडू दोन्ही आलं.

"त्या म्हणतायत, मी मरायला जात नाहीये रे. पावटा खायला जातेय."

जेवणं झाल्यावर मंजूने लॅपटॉप उघडला आणि तारीख विचारली. आईने ती ताबडतोब सांगितली. त्यांनी ती दीड महिन्यापूर्वीच ठरवून ठेवली होती.

विमानतळ, आणि त्यानंतरचा मंगळवार

विमानतळावर विहीणबाईंनी केतकीला मिठी मारली, मंजूच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि माझ्यासमोर हात जोडले. मीही जोडले. मग त्यांनी ढवळल्यासारखा हात हवेत फिरवला आणि बोट नाचवून 'नाही' केलं. सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्यांच्या बॅगेतलं दांडकं काढून एका अधिकाऱ्याने वर धरलं तेव्हा त्या त्याला कन्नडमधून पूर्ण कृती सांगत होत्या. त्याने ती ऐकून घेतली आणि दांडकं परत दिलं.

मंगळवारी मी एकट्याने पातेलं चढवलं. समोर कोणी नव्हतं, मागून कोणी "बीगरे" म्हणत नव्हतं. त्या घरात मला त्यांची इतकी सवय झाली होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पीठ ओतलं, लक्ष भलतीकडे गेलं आणि हाताने आपला जुना धर्म पाळला. मी ढवळलं. पुढे कितीही घोटलं तरी काही उपयोग झाला नाही. गोळे वळताना बोटांना गाठी लागत होत्या, वाटाण्याएवढ्या. एका गोळ्यात मी पाच मोजल्या.

मंजू ताटावर बसला तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मंड्याला सकाळ होती. विहीणबाई अंगणात बसल्या होत्या, मांडीवर सूप, आणि मागून कोणीतरी मोठमोठ्याने बोलत होतं. ती सावित्री असणार. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मुद्द्याचा. मंजूने घास मोडला. त्यातून एक गाठ उघडी पडली, आत कोरडं पांढुरकं पीठ दिसत होतं. मी मान खाली घातली. त्याने घास सारात बुडवला, गिळला आणि या वेळी डोळे मिटले नाहीत.

"गाठ नाही, अम्मा," तो म्हणाला. "एकसुद्धा नाही."

हे त्याने आधी तिला कन्नडमध्ये सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून मराठीत.

पलीकडे विहीणबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. पडद्यावर त्यांचा एकच मोठा डोळा दिसत होता, आणि तो ताटाकडे बघत होता. मग त्यांनी फोन लांब धरला, सुपातला पावटा पुन्हा सोलायला घेतला आणि मुलाला म्हणाल्या की छान दिसतंय, गरम आहे तोवर खाऊन घे.